कला मंडळाची सचिव झाले आहे: युवक महोत्सवाच्या प्रवेशिका, वसतिगृहातली मुलं, होळीचं नृत्य, हिशेब, घडी कशी बसवू?

नवी_सचिव

नमस्कार. नंदुरबार जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी आमचं वरिष्ठ महाविद्यालय आहे. यंदा कला मंडळाची विद्यार्थी सचिव म्हणून माझी नेमणूक झाली आहे. विद्यापीठाच्या युवक महोत्सवाच्या प्रवेशिका लवकरच भरायच्या आहेत.

मंडळात नियमित येणारी ३४ मुलं-मुली आहेत. निम्म्याहून जास्त पावरा, भिल्ल आणि कोकणी या आदिवासी समाजांच्या घरांतली. त्यांतली बरीच शासकीय आदिवासी वसतिगृहात राहतात, बाकीची एसटीने ये-जा करतात. सभागृह एकच, ते दुपारी तीननंतर मिळतं आणि जिमखान्याचं टेबल टेनिसही तिथेच चालतं. वाद्यांमध्ये एक पेटी, तबल्याची जोडी, दोन ढोलक्या, दोन हलग्या आणि टाळ. आधीच्या सचिवांकडून लेखी असं काहीच मिळालेलं नाही.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. एवढ्या मुलांत किती प्रकारांना उतरावं? वसतिगृहाची वेळ, शेवटची बस आणि तासांची हजेरी यांतून तालीम कशी काढायची? होळीचं नृत्य लोकनृत्यात करावं असं मुलांच्याच मनात आहे, त्यात काय सांभाळायचं? आणि हिशेब कसा ठेवायचा, म्हणजे कार्यालयातून बिलं परत येणार नाहीत?

---

रंगीत_तालीम

आधी या वर्षीचं परिपत्रक आणि नियमावली विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडून मागून घे. मागच्या वर्षीच्या प्रतीवर विसंबून राहू नकोस, माणसांची संख्या आणि वेळ यांत बारीक बदल होत असतात. बहुतेक विद्यापीठांचा ढाचा भारतीय विश्वविद्यालय संघाच्या महोत्सवासारखा असतो: संगीत, नृत्य, वाङ्मय, नाट्य आणि ललित कला. विद्यापीठाचा संघ पुढे राज्याच्या आंतरविद्यापीठ 'इंद्रधनुष्य' महोत्सवाला आणि पश्चिम विभागाच्या महोत्सवाला जातो, म्हणून नियमही तिथलेच धरलेले असतात.

त्या नियमांप्रमाणे साधारण आकडे असे: लोकनृत्यात जास्तीत जास्त १० कलाकार, ८ ते १० मिनिटं. समूहगानात ६ गायक, १० मिनिटं. एकांकिकेत ९ जण, ३० मिनिटं. प्रहसनात ६ जण, १० मिनिटं. मूकनाट्यात ६ जण, ५ मिनिटं. नक्कल एकट्याने, ५ मिनिटं. वयाची अट १ जुलैला २५ वर्षांच्या आत. दहावीचं प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि बोनाफाईड या तिन्हींच्या झेरॉक्स प्रत्येकाकडून आताच घेऊन ठेव. कागद अपुरे असले की प्रवेशिका बाद होऊ शकते.

आता ३४ जणांचं गणित. एक मोठा ड्रॉइंग पेपर घे, आडवे प्रकार आणि उभी नावं लिही, प्रत्येक जण ज्यात आहे तिथे खूण कर. कोणाच्याही नावापुढे दोनच्या वर खुणा नकोत, आणि त्या दोनांपैकी एकच समूहाची. चांगला नाचणारा मुलगा नृत्यात, प्रहसनात आणि एकांकिकेतही घेतला की तिन्ही तालमी त्याच्यासाठी अडतात. महोत्सवात दोन मंचांवर एकाच वेळी नाव पुकारलं गेलं तर एक संघ हातचा जातो. या हिशेबाने तुमच्याकडे लोकनृत्य, समूहगान, मूकनाट्य आणि एकांकिका किंवा प्रहसन यांपैकी एक, एवढं नीट होईल. नाट्यातले सगळे प्रकार पहिल्याच वर्षी घेऊ नका.

ललित कलांकडे मात्र जरूर बघ. स्थळचित्र, कोलाज, पोस्टर, मातीकाम, व्यंगचित्र, रांगोळी, प्रत्येक प्रकारात एकच विद्यार्थी लागतो आणि अडीच तासांत काम पूर्ण करायचं असतं. सभागृह लागत नाही, बस चुकत नाही. विज्ञान-वाणिज्य शाखांतली लाजरी मुलं इथून मंडळात येतात. तयारी म्हणजे घड्याळ लावून काम करणं. रांगोळीला पहिल्या वीस मिनिटांत खडूने आराखडा झाला पाहिजे, नाहीतर शेवटी पार्श्वभूमी भरायची राहून जाते. स्थळचित्राचा कागद साधारण २२ बाय १५ इंची असतो, सराव त्याच मापावर करा. घरी छोट्या वहीत काढणाऱ्याला एवढा कागद भरायला दुप्पट वेळ लागतो, आणि हे त्याला महोत्सवातच कळलं तर उपयोग नाही.

आणखी दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. समूहगानात आणि सुगम गायनात चित्रपटगीत चालत नाही. 'हे भावगीतच आहे' म्हणून निवडलेलं गाणं चित्रपटातलं निघतं, तेव्हा मूळ ध्वनिमुद्रिका तपासून घ्या. दुसरं, एकांकिकेला रिकामा रंगमंच ते रिकामा रंगमंच असा नियम असेल तर वेळेचं भान नेपथ्य लावण्यापासूनच हवं. तालमीत पहिल्या दिवसापासून एक जण घड्याळ घेऊन बसवा. ३० मिनिटांची मर्यादा असेल तर संहिता सव्वीसची धरा. प्रेक्षक हसले, टाळ्या आल्या की मिनिटं वाढतातच.

---

विद्यार्थी_विकास

वसतिगृह आणि हजेरी याबद्दल लिहितो, कारण कला मंडळं बहुधा इथेच तुटतात. मुलं तालमीला येत नाहीत म्हणून त्यांना गैरजबाबदार ठरवलं जातं आणि खरं कारण गेटची वेळ असते.

गृहपालांना तोंडी सांगू नका. प्राचार्यांच्या सहीचं पत्र द्या. त्यात मुलांची नावं, वर्ग, तालमीचे वार, संपण्याची वेळ, सोबत कोण येणार आणि जबाबदार प्राध्यापकांचा फोन असावा. महोत्सवासाठी रात्री बाहेर राहायचं असेल तर पालकांचं संमतीपत्र जोडा आणि एक प्रत एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला द्या. तुमच्या जिल्ह्यात नंदुरबार आणि तळोदा अशी दोन आहेत, वसतिगृह कोणाकडे येतं ते पाहून. संमतीपत्र मराठीत सोप्या भाषेत असू द्या आणि कुठे, किती रात्री, राहण्याची सोय काय, मुलींसोबत कोण प्राध्यापिका आहेत, हे स्पष्ट लिहा. आईवडील सही करायला कचरतात ते यातलं काहीच सांगितलेलं नसतं म्हणून.

सभागृहाचं वेळापत्रक बसच्या वेळेवरून आखा. लांबच्या गावची बस आधी सुटत असेल तर त्या मुलांचा प्रकार तीन ते सव्वाचार. वसतिगृहाची आणि गावातलीच मुलं त्यानंतर. एकांकिकेत दोन्हीकडची मुलं असतील तर प्रवेश सुटे करून बसवा, सगळ्यांचा एकत्र रन शनिवारी. टेबल टेनिसवाल्यांशी वार वाटून घ्या आणि त्या कागदावर जिमखाना सचिव व तू, दोघांच्या सह्या करून तो दारावर लावा. मूकनाट्य आणि वक्तृत्वाला सभागृह लागतच नाही, रिकामा वर्ग पुरतो.

हजेरीची यादी महोत्सवानंतर देऊ नका, आधी द्या. नाव, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), वर्ग, कोणत्या तारखेचे कोणते तास बुडणार, अशा रकान्यांची यादी विभागप्रमुखांना किमान आठवडाभर आधी पोचली तर अंतर्गत परीक्षा किंवा प्रात्यक्षिक दुसऱ्या दिवशी घेता येतं. नंतर मागितलेल्या सवलतीत शिक्षकांचाही नाइलाज होतो. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सहअभ्यासक्रम म्हणून सांस्कृतिक उपक्रमांना श्रेयांक आहेत. तुमच्या महाविद्यालयात ते कोणत्या सत्रात दिले जातात हे परीक्षा विभागाला विचारा आणि तालमीचं हजेरीपत्रक पहिल्या दिवसापासून तारखेनिशी ठेवा. ते नसेल तर श्रेयांक किंवा सवलतीच्या गुणांसाठी दाखवायला हातात काही राहत नाही.

प्रथम वर्षाच्या मुलांकडे फक्त झाडू आणि पाण्याचे जग देण्याची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती यंदाच बंद करा. कामाची पाळी सगळ्यांची, सचिवांसकट. सीनियरने ज्युनियरला सगळ्यांसमोर उभं करून ओरडणं हा तालमीचा भाग समजला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांत ते रॅगिंगमध्ये बसू शकतं. महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीच्या आणि लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि फोन सभागृहाच्या फळ्यावर कायम असू द्या. पोशाख बदलायला मुलींना कडी असलेली खोली हवी, विंगेत साडीचा आडोसा धरून भागवू नका.

---

पावरीचा_सूर

होळीच्या नृत्याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल.

सातपुड्यातली होळी हा नुसता नाच नाही हे तुमच्या मुलांना माहीतच आहे. अडचण होते ती बसवणाऱ्याला माहीत नसल्यामुळे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीत आणि आसपासच्या गावांत बावा, बुध्या (होळीत खास वेश करून नाचणारे) होणारे लोक नवस म्हणून होतात. उंच टोप, मोरपिसं, अंगावर नक्षी, कमरेला घुंगरू किंवा वाळलेले भोपळे हे सगळं त्या व्रताचं आहे, आणि त्या दिवसांत जमिनीवर झोपणं, खाटेवर न बसणं असे नेम ते पाळतात. म्हणून बावा-बुध्या मंचावर आणायचे की नाहीत हे ज्या मुलांच्या घरी ही परंपरा आहे त्यांनी गावातल्या जाणत्यांना विचारून ठरवायचं. सचिवाने नाही, नृत्यदिग्दर्शकाने तर अजिबात नाही. 'नको' असं उत्तर आलं तरी नृत्य अडत नाही. ढोलाची चाल, पावलं, हातात हात गुंफून धरलेली साखळी, बासरी आणि पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) एवढ्यावर आठ मिनिटं उभी राहतात.

गावात हा फेर रात्रभर चालतो आणि लय फार सावकाश चढते. मंचावर ती चढण दीड-दोन मिनिटांत आणावी लागते, तिथेच नृत्य बिघडतं. लय सुरुवातीलाच द्रुत ठेवली तर चौथ्या मिनिटाला नाचणारे दमतात आणि वाढवायला जागा उरत नाही. साधारण तीन टप्पे ठेवा: संथ प्रवेश, मधली चाल, शेवटची द्रुत. टप्पा बदलण्याचा इशारा ढोलवाल्याने द्यायचा. तोंडाने आकडे मोजून पावलं बदलायला लावलीत तर फेराचा जीव जातो. पूर्ण गोल केला तर निम्म्या मुलांची पाठ परीक्षकांकडे होते, म्हणून अर्ध्याहून थोडा जास्त गोल ठेवून तो सरकता ठेवा. सरळ दोन रांगा मात्र करू नका, तसं केल्यावर ते कवायतीसारखं दिसतं.

पानांचे घागरे, तोंडाला काळा रंग, 'हू हू'च्या आरोळ्या, हे सगळं बाहेर. स्नेहसंमेलनांत 'आदिवासी नृत्य' म्हणून वर्षानुवर्षं जे दाखवलं जातं त्याने याच मुलांची मान खाली जाते. तुमच्या महाविद्यालयात ज्यांचं नृत्य आहे तीच मुलं आहेत, तेव्हा बसवण्याचा मान त्यांचा. बिगर-आदिवासी मुलांनी सामील व्हायला काहीच हरकत नाही, शिकायचं मात्र त्यांच्याकडून.

भाड्याच्या दुकानातला 'आदिवासी ड्रेस' घेऊ नका, तो कुठल्याच समाजाचा नसतो. लुगडं, कमरेचं वस्त्र, फेटा घरून येऊ शकतं. चांदीचे दागिने मात्र घरून आणू नका, हरवले तर भरपाई करणं कोणालाच शक्य नाही. आठवडे बाजारात पांढऱ्या धातूचे तसेच मिळतात, ते मंडळासाठी एकदाच घ्या.

पावरी वाजवणारा मुलगा संघात असेल तर वाद्य जपा. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि टोकाला शिंग असं ते असतं आणि सांधे मेणाने बंद केलेले असतात. बसच्या टपावर किंवा उन्हात खिडकीशी ठेवलं की मेण मऊ होऊन हवा गळते. कापडात गुंडाळून मांडीवर न्यायचं. माईक शिंगाच्या तोंडाला चिकटवू नका, दोन-तीन फूट लांब ठेवा. मोठ्या ढोलासमोर तर माईक लागतच नाही. साथीला गावातले बुजुर्ग वादक चालतील की वादकही विद्यार्थीच हवेत, हे नियमावलीत आधी पाहा. ऐन वेळी वादक बदलला की सगळी लय बदलते.

गावातून कोणी जाणते शिकवायला येणार असतील तर त्यांचा बुडालेला रोज, येण्याजाण्याचं भाडं आणि मानधन अंदाजपत्रकात धरा. शहरातल्या नृत्यदिग्दर्शकाला जे दिलं असतं त्याहून कमी देऊ नका. परीक्षकांना द्यायच्या टिपणात गाण्याचे शब्द, त्यांचा मराठी अर्थ, कोणत्या समाजाचं आणि कोणत्या भागातलं नृत्य आहे हे लिहा, तीन प्रती. 'महाराष्ट्राचं आदिवासी नृत्य' एवढंच लिहिलेलं टिपण परीक्षकांना काहीच सांगत नाही.

---

नवी_सचिव

खूप आभार. नावांचा तक्ता आजच करायला घेते. बावा-बुध्यांबद्दल मुलांशी बोलले, ती या रविवारी गावात विचारणार आहेत. एकांकिकेऐवजी प्रहसन घ्यायचं जवळजवळ ठरलंय. पण नंतर बाहेरच्या एकांकिका स्पर्धेतही उतरावं असं तिसऱ्या वर्षाची मुलं म्हणतायत. छापील संहिता घेतली तर लेखकाची परवानगी लागतेच का? महाविद्यालयात तर आपण कोणालाच विचारत नाही.

---

विंगेआड

दोन्हींत फरक आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ प्रमाणे शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी केलेला प्रयोग, प्रेक्षकही संस्थेतलेच विद्यार्थी, शिक्षक, पालक असतील तर चालतो. बाहेरच्या स्पर्धेला ते लागू होईल असं धरून चालू नका. तिथे लेखकाचं लेखी परवानगीपत्र मागतात आणि लेखक सांगेल ते मानधन द्यावं लागतं. पत्रात एकांकिकेचं नाव, स्पर्धा, वर्ष आणि किती प्रयोगांना परवानगी आहे हे यायला हवं. संहितेत काटछाट करणार असाल तर तेही विचारून लिहून घ्या.

शिवाय महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नवी संहिता असेल तर त्याला वेळ लागतो, प्रवेशिकेच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज करून भागत नाही. छापील, आधी प्रयोग झालेली एकांकिका असेल तर लेखकाकडे प्रमाणपत्र क्रमांक असण्याची शक्यता असते, परवानगी मागतानाच तोही मागा.

माझं मत विचाराल तर मुलांनीच लिहिलेलं करा. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकात १९६३ पासून महाविद्यालयांचे संघ उतरतायत आणि अशा स्पर्धांमधून विद्यार्थी लेखकांची मोठी फळी उभी राहिली. तुमच्याकडे अहिराणी, पावरी, भिलोरी बोलणारी मुलं एका खोलीत आहेत, असे विषय आणि असे संवाद छापील संग्रहात सापडणार नाहीत. बोलीभाषेतला प्रयोग चालेल का हे आयोजकांना आधी लेखी विचारा.

---

वही_आणि_वाद्य

हिशेबाचं आणि वाद्यांचं मी सांगते.

उचल घेण्याआधी अंदाजपत्रक प्रकारवार करा: लोकनृत्य, समूहगान, प्रहसन, ललित कला, प्रवास, जेवण, मानधन, किरकोळ. एकूण रकमेच्या दहा टक्के किरकोळीत ठेवा. बिल महाविद्यालयाच्या नावावर, तारखेसह, दुकानाच्या शिक्क्यासह हवं. 'रोख पावती' छापलेल्या कोऱ्या पावतीपुस्तकातला हाताने लिहिलेला कागद कार्यालय परत करतं, तो याच कारणाने. रिक्षा, चहा असल्या बिल नसलेल्या खर्चाला व्हाउचर करा, त्यावर कशासाठी, किती जण, कोणाला दिले आणि घेणाऱ्याची सही. मोठी खरेदी असेल तर तीन दरपत्रकं आधी. मानधन शक्यतो खात्यावर द्या. एक जण पैसे सांभाळेल, दुसरा लिहील, दोन्ही कामं एकाकडे नकोत. आणि स्वतःच्या खिशातून घालून 'नंतर घेऊ' असं करू नका. ज्यांच्या घरी पैसे आहेत तीच मुलं मग पदावर येतात.

प्रवासाला एसटीचा प्रासंगिक करार (अख्खी बस भाड्याने घेणं) विचारा. प्राचार्यांचं पत्र घेऊन आगारात जायचं, किमान किती किलोमीटर धरतात, मुक्काम असेल तर आकार किती, अनामत किती, हे लिहून आणायचं आणि खासगी गाडीच्या दराशी ताडून बघायचं.

वाद्यं आता. महोत्सवाची तयारी पावसाळ्यात येते आणि दमटपणाने चामडं सैल पडतं. ढोलकी नट-हुकाची असेल तर वाजवून झाल्यावर हूक थोडे सैल करून ठेवा, वाजवताना पुन्हा ताणा. कायम ताणलेलं पान (चामडं) लवकर जातं. उतरलेली हलगी शेकतात ती लांबून, निखाऱ्यावर धरून नव्हे. तबल्याच्या शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) ओला हात लागू देऊ नका, तालमीआधी हात पुसायला फडकं ठेवा. पेटी जमिनीवर नको, फळीवर ठेवा, भाता बंद करून कडी लावलेली असावी. एखादी पट्टी दाबल्यावर अडकत असेल तर लाकूड फुगलेलं असतं, घरी कानस मारू नका, कारागिराकडेच न्या. वाद्य-नोंदवहीत कोणी, कधी नेलं, कधी आणलं आणि आणताना अवस्था काय होती असे रकाने ठेवा. शेवटचा रकाना नसेल तर फाटलेल्या पानाचा दोष शेवटी ज्याच्या हातात ढोलकी होती त्याच्यावर जातो.

पुढच्या सचिवासाठी एक बॉक्स फाईल यंदापासूनच भरायला घ्या. त्यात परिपत्रक, भरलेल्या प्रवेशिकांच्या प्रती, नावांचा तक्ता, गृहपालांना दिलेल्या पत्राचा नमुना, संमतीपत्राचा कोरा नमुना, मंजूर अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी-शेजारी, वाद्यांची यादी, मार्गदर्शकांची नावं व त्यांना दिलेलं मानधन, परीक्षकांनी तोंडी सांगितलेल्या सूचना त्याच दिवशी लिहून. फाईल सभागृहातल्या कपाटात ठेवू नका, ग्रंथालयात किंवा विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या. आणि दुसऱ्या वर्षातला एक सहसचिव आत्ताच नेमा. वसतिगृहातलाच असला तर उत्तम, गेटच्या वेळेचा विचार त्याला कोणी शिकवावा लागणार नाही. डिसेंबरपासून बिलं आणि पत्रं त्यानेच करायची, तुम्ही फक्त तपासायची.